पाटीवरची बारावी ओळ : फ्लोरिडाच्या विधिमंडळाला खुले पत्र

फ्लोरिडा विधिमंडळाचे 40 सिनेटर आणि 120 प्रतिनिधी,
मुक्काम राजधानी टॅलाहासी

सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे. तुमच्यापैकी कोणाला मराठी येत नसावं असं मी धरून चालते. इंग्रजी प्रत माझ्या भागातल्या सिनेटरच्या आणि प्रतिनिधीच्या कार्यालयात देऊन झाली आहे. पोचही मिळाली, म्हणजे आपोआप येणारा ईमेल आला. मराठीत पुन्हा लिहायचं कारण वेगळं आहे. ब्रॉवर्डमध्ये, टॅम्पात, ऑर्लँडोत, जॅक्सनव्हिलमध्ये माझ्या भाषेची घरं आहेत. त्यातले बरेच जण आता इथले मतदार आहेत. बंदुकीचा विषय निघाला की आपण ताटाकडे बघत जेवायचं, हे आम्ही कोणी न सांगता ठरवून टाकलंय. लेकी बोले सुने लागे असं आमच्याकडे म्हणतात, तसं समजा. पत्र तुम्हाला आहे, कान त्यांनीही द्यावा.

मी कोण, ते आधी सांगते. ब्रॉवर्ड काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एका मध्यम आकाराच्या शहरात मी 19 वर्षं राहते. दातांच्या एका दवाखान्याचे हिशेब बघते. चार वर्षांपासून शहराच्या उद्यान सल्लागार समितीवर आहे. सात माणसं, महिन्यातून एक बैठक, मानधन काही नाही, कॉफीसुद्धा आळीपाळीने घरून न्यायची. आमच्यापुढे येणारे विषय म्हणजे झोपाळ्यांच्या साखळ्या, गळके नळ, इग्वानांनी पोखरलेला तळ्याचा काठ आणि पिकलबॉलच्या टकटकीने कावलेले शेजारी. सत्ता म्हणाल तर एवढीच, की आम्ही शिफारस करतो आणि सिटी कमिशन, म्हणजे शहराचं निवडून आलेलं मंडळ, ती बहुतेक वेळा बाजूला ठेवतं.

2025 च्या सप्टेंबरात तुमच्या पहिल्या जिल्हा अपील न्यायालयाने उघडपणे शस्त्र बाळगण्यावरची, 1987 पासून चालत आलेली बंदी घटनाबाह्य ठरवली. हा निकाल राज्यभर लागू आहे असं ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, जाहीर केलं. त्यानंतरच्या आमच्या बैठकीला एक आई आली. तिच्या मुलाचा वाढदिवस बागेत होता. वाळूच्या खड्ड्याशेजारी एक गृहस्थ आपल्या लेकीला झोपाळ्यावर झोके देत होते, कमरेला पिस्तूल होतं. त्यांनी कुणाला काही केलं नाही, वावगं बोललेही नाहीत, हे तिनेच आधी सांगितलं. पण वाढदिवसाला आलेली पोरं घसरगुंडी सोडून त्या पिस्तुलाकडे बघत उभी राहिली, आणि दोन आया आपापली मुलं घेऊन निघून गेल्या. बागेच्या दाराशी नियमांची पाटी आहे. तिच्यावर अकरा ओळी आहेत : दारू नको, काचेच्या बाटल्या नकोत, फटाके नकोत, ड्रोन नको, कुत्रा साखळीला बांधलेला हवा, असं बरंच. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की बारावी ओळ घाला. ‘मुलांच्या खेळाच्या जागेत कृपया शस्त्र आणू नये.’ दंड नको, शिक्षा नको, ‘कृपया’ असलं की पुरे.

आम्ही विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातला. तीन दिवसांत शहराच्या वकिलांकडून निरोप आला की विषय काढून टाका. मतदान करू नका, इतिवृत्तात घेऊ नका, शिफारसही नको. आमचे एक सदस्य निवृत्त बसचालक आहेत. त्यांनी बैठकीत सरळ विचारलं, ‘आणि घेतला तर?’ उत्तर मिळालं की कोणी दावा लावला तर तुमच्यावर व्यक्तिशः 5000 डॉलरपर्यंत दंड लागू शकतो. ‘मग वकील कोण देणार?’ तुमचा तुम्ही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘मी आपला झोपाळ्यांच्या साखळ्या बघतो.’

त्या वकिलांवर माझा राग नाही. कायदा वाचूनच त्यांनी सल्ला दिला. मीही मग तो वाचला. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला कलमं वाचायची सवय असते.

मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्हाला ते पाठ आहे, तेव्हा तुम्ही एक परिच्छेद पुढे जा. फ्लोरिडाच्या कायद्याचं कलम 790.33 हे 1987 चं. बंदुका आणि काडतुसं यांची खरेदी, विक्री, कर, मालकी, साठवण, वाहतूक, सगळं सगळं क्षेत्र राज्याने व्यापलं आहे, काउंटी आणि शहरांनी त्यात पाऊल घालायचं नाही, असं ते सांगतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बंदुकीच्या विषयाचा सातबारा एकट्या टॅलाहासीच्या नावावर. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा काही ना काही कायदा आहे. फ्लोरिडाने 2011 मध्ये त्याला दात बसवले. जाणूनबुजून उल्लंघन केलं असं न्यायालयाला वाटलं तर निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या माणसाला स्वतःच्या खिशातून 5000 डॉलरपर्यंत दंड. त्याच्या बचावाला सार्वजनिक पैसा वापरायचा नाही. गव्हर्नरने पदावरून काढण्याची तरतूद. आणि ज्याला नियमाची झळ लागली तो माणूस किंवा ज्या संघटनेच्या सभासदांना लागली ती संघटना दावा लावू शकते : वकिलाची फी, वर 1,00,000 डॉलरपर्यंत नुकसानभरपाई. 1 ऑक्टोबर 2011 ला हे लागू झालं. त्या सुमारास राज्यभर शहरांनी आपले जुने नियम रद्द केले आणि पाट्या उतरवल्या. आमच्या बागेतली त्या वेळची पाटी मला आठवते. ती गेली, खांबाला चार भोकं राहिली.

आता एक गैरसमज आधीच दूर करते. मला बंदुकीची शिसारी नाही. माझं माहेर कोकणातलं, संगमेश्वर तालुक्यातलं. माझ्या काकांकडे ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाचा परवाना होता. भातात रानडुकरं शिरली की रात्री माळ्यावर बसायचे. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. बंदूक घरात असण्याचं आणि ती कुठे न्यायची नाही हे ठरलेलं असण्याचं आम्हाला एकाच वेळी काही वाटायचं नाही. काका ती बंदूक घेऊन देवळाच्या उत्सवात आले असते तर आजीनेच त्यांना परत पाठवलं असतं. त्यासाठी कलम लागलं नसतं, पण आजीला कुणी दंडही केला नसता.

वडील काही वर्षं सरपंच होते. आमच्या रस्त्यावरून रात्रभर चिऱ्यांचे ट्रक जायचे, रस्त्याची चाळण व्हायची, म्हाताऱ्यांना झोप नाही. ग्रामसभेत ठराव झाला की रात्री दहानंतर जड वाहन गावातून न्यायचं नाही. दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून एक कागद आला : हा विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत नाही, ठराव रद्द समजावा. वडिलांनी तो कागद पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला, लोक कुरकुरले, ट्रक चालू राहिले. वडील हरले. पण कोणी त्यांच्याकडे पैसे मागितले नाहीत, आणि पुढच्या सभेत लोक पुन्हा ट्रकांबद्दलच बोलले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला वरच्यांनी वेळा ठरवून दिल्या. मला कायद्याचं शिक्षण मिळालं ते एवढंच : गावाचा ठराव चुकीचा असला तर तो रद्द होतो, आणि मग गाव पुन्हा विचारतं.

(आमच्याकडे सगळं सोन्याचं आहे असं सांगायचा हेतू नाही. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत 2022 पासून काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक बसले होते. वरच्याने खालच्याला गप्प बसवण्याची कला आम्हालाही येते.)

आणि 14 फेब्रुवारी 2018. पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस शाळेत 17 जण मारले गेले. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, काही मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत. वर्गाचे दिवे घालवून ती बाकाखाली बसली होती आणि मी रस्त्याच्या कडेला गाडीत बसून फोनकडे बघत होते. तिला काही झालं नाही. हे वाक्य लिहिताना अजून लाज वाटते, कारण ते ज्यांना लिहिता येत नाही ती घरं आमच्यापासून लांब नाहीत.

त्या वेळी तुम्ही काम केलंत, हे मी विसरले नाही. 9 मार्चला कायद्यावर सही झाली होती. बंदूक विकत घेण्याचं वय 21, लांब नळीच्या बंदुकांनाही तीन दिवसांची वाट, धोकादायक माणसाची शस्त्रं न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची सोय. बंदूकवाल्यांची नाराजी पत्करून तुम्ही ते केलंत. म्हणूनच तुम्हाला लिहावंसं वाटतं. दगडाला कोण पत्र लिहितं?

पण त्याच दिवसांत कोरल गेबल्सच्या कमिशनने आपल्या शहरापुरती असॉल्ट रायफलींवर बंदी घालायचं ठरवलं, पहिलं वाचन पारही पडलं आणि मग दंडाच्या नि पदावरून जाण्याच्या धास्तीने पाऊल मागे घेतलं. ती बंदी न्यायालयात टिकली नसती, हे मलाही कळतं. 1987 चा कायदा स्पष्ट आहे. मला बोचतं ते हे, की ती न्यायालयात पडली नाहीच. ती भीतीने पडली.

नंतर वेस्टन शहराने पुढाकार घेतला, तीसहून अधिक शहरं आणि काउंटी एकत्र आल्या, कितीतरी नगरसेवक स्वतःच्या नावाने दाव्यात उतरले. मूळ कायदा रद्द करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं, फक्त शिक्षेची कलमं काढा. 2019 च्या जुलैत लिऑन काउंटीचे न्यायाधीश चार्ल्स डॉडसन यांनी त्यांचं ऐकलं. 2021 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. 19 जानेवारी 2023 ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंडाची आणि नुकसानभरपाईची कलमं कायम ठेवली. न्यायालयाचा निर्णय मला मान्य आहे. कलम घटनेत बसतं एवढंच न्यायालयाने सांगितलं, ते असायलाच हवं असं नाही सांगितलं. ते ठरवणं तुमचं काम. म्हणून आता गाऱ्हाणं न्यायालयापुढे नाही, तुमच्यापुढे.

पहिलं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं आहे. बेकायदा नियम रद्द करायला माणसाला दंड करावा लागत नाही. हे तुमच्याच राज्यात दिसतं, पुन्हा त्याच कोरल गेबल्समध्ये. त्या शहराने 2016 मध्ये थर्माकोलच्या डब्यांवर बंदी घातली. तो विषयही तुम्ही शहरांच्या हातातून काढून घेतला होता. दावा झाला, 2019 मध्ये अपील न्यायालयाने बंदी मोडीत काढली, विषय संपला. कमिशनरच्या खिशात हात घालणारं कलम त्या कायद्यात नव्हतं, कोणाला गरजही वाटली नाही. थर्माकोलचा चुकीचा नियम रद्द होऊ शकतो, तर बंदुकीचाही होऊ शकतो. मग हे दंडाचं कलम कशासाठी? नियम हटवायला नक्कीच नाही, कारण नियम 1987 पासूनच रद्दबातल आहेत. ते आहे नियम सुचणाऱ्या माणसासाठी. आमच्या समितीला तर नियमही सुचला नव्हता, विनंती सुचली होती.

तुम्ही म्हणाल, दंड ‘जाणूनबुजून’ केलेल्याला आहे, चुकून झालेल्याला नाही. बरोबर. पण ते ठरणार शेवटी, न्यायालयात, आणि तिथपर्यंत जायचं स्वतःच्या पैशाने. माझं दुसरं गाऱ्हाणं हेच. टॅलाहासी शहराचंच उदाहरण घ्या. बागेत गोळीबार करू नये असे 1957 आणि 1988 चे दोन जुने नियम त्यांच्या पुस्तकात पडून होते. ते नुसते काढून टाकले नाहीत म्हणून 2014 मध्ये दावा लागला, त्यात महापौर आणि कमिशनर व्यक्तिशः प्रतिवादी. 2017 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, नियम पुस्तकात पडून राहिला म्हणजे तो नव्याने केला असं होत नाही. जिंकले. पण तीन वर्षं. त्यातल्या एकाला वकील परवडला असेल, आमच्या बसचालकाला नाही परवडणार. छोट्या शहरांतले कमिशनर शिक्षक असतात, नर्स असतात, दुकानदार असतात. घरावर कर्ज असलेल्या माणसाने अशा पदाला उभं राहू नये असं तुम्हाला म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि शहराच्या बाबतीत तर कायदा म्हणतो की हेतू चांगला होता किंवा वकिलाचा सल्ला घेतला होता हा बचावच नाही. वकिलाला विचारून केलं तरी चूक, मग विचारायचं कोणाला?

तिसरं गाऱ्हाणं असं. 2021 मध्ये तुम्ही या कलमात दोन गोष्टी घातल्या. एक, दावा लागल्यावर शहराने नियम मागे घेतला तरी दावेदार जिंकला असं धरून फी आणि भरपाई मागता येते. यावर मी फार बोलत नाही. पळवाट बुजवली असं तुमचं म्हणणं असेल, त्यात थोडं तथ्य आहे. दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे. धोरण ‘लिखित असो वा अलिखित’. या एका शब्दाने आमची बैठक बंद पाडली. लिखित नियम सापडतो, दाखवता येतो, खोडता येतो. अलिखित धोरण म्हणजे काय? बागेच्या रखवालदाराने एखाद्याला ‘दादा, गाडीत ठेवलंत तर बरं होईल’ म्हणणं? समितीत झालेली दहा मिनिटांची चर्चा? माझं हे पत्र? शेवटचा प्रश्न मी गमतीने विचारायला घेतला होता, पण हसू आलं नाही. पत्राखाली मी समितीचं नाव घातलेलं नाही, शहराचंही नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे, चिडून नव्हे तर साधं विचारायचं म्हणून विचारते. तुमचंच कलम 790.06 सांगतं की लपवलेलं शस्त्र कुठे न्यायचं नाही. त्या यादीत विधिमंडळाची आणि त्याच्या समित्यांची बैठक आहे. काउंटी आणि शहराच्या कमिशनची बैठकही आहे. म्हणजे ज्या खोलीत तुम्ही बसता तिथे पिस्तूल नको, हे तुम्हाला पटलेलं आहे, आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. वाद होतात, आवाज चढतात, तिथे शस्त्र नसलेलं बरं. पण तीच साधी समज वाळूच्या खड्ड्याजवळ दाखवायची म्हटलं, तीही हात जोडून, तर आमच्यावर दंड का?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. 67 काउंटी, चारशेहून जास्त शहरं. पेन्साकोलाहून की वेस्टला निघालेल्या माणसाला दर वीस मैलांवर वेगळा कायदा लागला, तर तो नकळत गुन्हेगार ठरेल. गाडीत रीतसर ठेवलेली बंदूक एका गावात चालते आणि पुढच्यात नाही, हा गोंधळ नको म्हणून 1987 चा कायदा झाला. हे मला पटतं. पटतं म्हणूनच तो कायदा मोडा असं मी म्हणत नाही. माझ्या काही मित्रांना ते पुरेसं वाटत नाही. ते कोलोराडोकडे बोट दाखवतात. तिथे बोल्डर शहराची असॉल्ट शस्त्रांवरची बंदी न्यायालयाने 12 मार्च 2021 ला रोखली, 22 मार्चला त्याच शहरात किराणा दुकानात 10 जण मारले गेले, आणि त्याच वर्षी राज्याने शहरांना आपले कडक नियम करायची मुभा दिली. त्या दोन तारखांत कार्यकारण मी लावत नाही. पण राज्याने एकदा घेतलेला अधिकार राज्यालाच परत देता येतो, एवढं त्यातून दिसतं. दुसऱ्या टोकाला ॲरिझोना आहे, तिथे शहरावरच्या दंडाचा आकडा 50,000 डॉलरपर्यंत जातो. उद्या तो आकडा कोणी तुमच्यापुढे नमुना म्हणून ठेवील, अशी मला भीती आहे.

लांब कशाला जायचं? तुम्हीच केलेलं एक उदाहरण माझ्या आवडीचं आहे. बागेत आणि समुद्रकिनाऱ्यावर सिगारेट ओढू नका असं सांगायचीसुद्धा शहरांना मुभा नव्हती. तोही सातबारा तुमच्याच नावावर होता. 2022 मध्ये तुम्ही कायदा बदललात आणि शहरांना व काउंटींना आपल्या मालकीच्या बागांत, किनाऱ्यांवर धूम्रपानाला मनाई करायची परवानगी दिलीत. (बिनफिल्टरचा सिगार तेवढा वगळलात. सिगारवाल्यांचं वजन आहे बुवा.) राज्य बुडालं नाही. पेन्साकोलाहून निघालेल्या माणसाला गावागणिक वेगळा नियम लागतो, तो पाटी वाचतो आणि सिगारेट विझवतो. आणि बंदुकीच्या बाबतीतही एक खिडकी आधीपासून आहेच. 1998 मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून काउंटींना परवानगी दिली, की लोकांना खुल्या असलेल्या जागी, म्हणजे शस्त्रांच्या जत्रांत वगैरे, विक्रीआधी गुन्हेगारी इतिहासाची तपासणी आणि तीन ते पाच दिवसांची वाट लावता येईल. राज्याचा एकच कायदा आणि स्थानिकांचा थोडा हात, हे दोन्ही एकत्र नांदू शकतं, हे मतदारांनी तेव्हाच सांगून ठेवलंय.

तेव्हा मागण्या सांगते. चारच आहेत.

कलम 790.33 मधून व्यक्तीवरचा दंड आणि पदावरून काढण्याची तरतूद वगळा. नियम बेकायदा असेल तर न्यायालय तो रद्द करील, शहराला मनाईहुकूम देईल, दावेदाराची रास्त फी शहर भरील. तेवढी शिक्षा पुरते. शहराने चूक केली तर भुर्दंड अखेर आम्हा करदात्यांनाच बसतो, आणि त्याचा जाब आम्ही पुढच्या निवडणुकीत विचारतो.

ही मागणी लगेच मान्य होणार नसेल, तर निदान अंतिम निकाल लागेपर्यंत पदाधिकाऱ्याला सार्वजनिक खर्चाने वकील द्या. जाणूनबुजून केलं असं शेवटी ठरलं तर पैसे वसूल करा. आणि ज्याने आधी ॲटर्नी जनरलचं लेखी मत मागवून त्याप्रमाणे केलं, त्याला हात लावू नका. ते मत देण्याची पद्धत तुमच्याकडे आहेच, तिला इथे किंमत द्या.

‘अलिखित’ हा शब्द काढा. त्याबरोबर एक वाक्य घाला : चर्चा करणं, विधिमंडळाला विनंती करणारा ठराव करणं आणि ज्याच्यामागे कुठलीही सक्ती नाही अशी विनंतीची पाटी लावणं हे उल्लंघन नाही. या चारातली ही मागणी तुम्हाला सगळ्यात स्वस्त पडेल. बंदूक बाळगणाऱ्या एकाही माणसाचा एकही हक्क तिने कमी होत नाही.

आणि सिगारेटसाठी जे केलंत ते मुलांच्या खेळाच्या जागांसाठी करा. सगळी बाग नको, पायवाट नको, पार्किंग नको. झोपाळे, घसरगुंडी, वाळूचा खड्डा, एवढं कुंपण. तिथे काय चालेल ते त्या शहराने ठरवावं. एखाद्या शहराला बंदूक चालत असेल तर चालू दे, तिथले लोक बघून घेतील.

यातली कुठली मागणी कुठल्या पक्षाची, हे मी मोजलेलं नाही. माझ्या समितीत सात माणसं आहेत. त्यातले तीन जण, माझ्या अंदाजाने, तुमच्यातल्या बहुमताला मत देतात. विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा असं सातही जणांचं मत होतं, आणि तो काढावा लागला तेव्हा वाईटही सातही जणांना वाटलं. त्यातल्या एकाकडे स्वतःच्या तीन बंदुका आहेत. तोच म्हणाला होता, ‘मी काही त्या वाळूत घेऊन जात नाही.’

आता माझ्या मराठी मंडळींना दोन ओळी. अधिवेशनाच्या काळात समित्यांपुढे कोणालाही बोलता येतं. वेळ थोडा मिळतो, पण मिळतो. टॅलाहासी लांब आहे, आमच्याकडून सात तासांचा रस्ता आहे, मला माहीत आहे. पण तुमच्या भागातल्या प्रतिनिधीचं कार्यालय तुमच्याच गावात असतं. गणपतीला हॉल मिळवण्यासाठी आपण शहराच्या कार्यालयात जेवढ्या खेपा घालतो, त्यातली एक खेप इकडे वळवली तरी चालेल. माझ्याशी सहमत असायला हवं असंही नाही. विरुद्ध बोलायचं असेल तर तेही तिथे जाऊन बोला. एवढंच, की घरात ताटाकडे बघत नको.

सन्माननीय सदस्यहो, उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, फक्त ते माणसाने लिहिलेलं असावं. समितीवरची माझी मुदत जूनअखेर संपते, आणि पुन्हा अर्ज करायचा की नाही हे मला त्याआधी ठरवायचं आहे. बसचालक काकांनी करायचा नाही असं ठरवलंय. तुमचं उत्तर मेपर्यंत आलं तर मी त्यांनाही वाचून दाखवीन.

कळावे,

ब्रॉवर्ड काउंटीतली एक मतदार